ब्राउनीत भरायचा गनाश कधी ओघळतो, कधी फाटतो: प्रमाण आणि साठवण याविषयी मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न (चिपळूण)

नमस्कार. मी गेली तीन वर्षे चिपळूणमध्ये घरून केक आणि ब्राउनीच्या ऑर्डरी घेते. साधी ब्राउनी आता हातात बसली आहे. अडचण आहे ती भरलेल्या ब्राउनीची, म्हणजे जिच्या दोन थरांमध्ये किंवा पोटात चॉकलेट गनाश (गरम क्रीममध्ये चॉकलेट मिसळून केलेले भरण) असतो तिची. पुढच्या महिन्यात एका साखरपुड्यासाठी ६० नगांची ऑर्डर आली आहे आणि माझे तीनही प्रयोग फसल्यामुळे ती स्वीकारावी की नाही, हे अजून ठरलेले नाही.

पहिल्या प्रयोगात मी २०० ग्रॅम डार्क कंपाउंड (कोकोच्या बटरऐवजी दुसरी चरबी वापरलेले चॉकलेट) आणि २०० ग्रॅम फ्रेश क्रीम घेतले. क्रीम नेहमीच्या टेट्रापॅकमधले, २५ टक्के स्निग्धांशाचे होते आणि पाहिलेल्या कृतीत हेच समसमान प्रमाण दिले होते. गनाश चकचकीत झाला, चवही चांगली होती. परंतु फ्रिजमध्ये रात्रभर राहूनही तो जेमतेम श्रीखंडाइतका घट्ट झाला आणि बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटांत ब्राउनीच्या कडांमधून ओघळू लागला.

दुसऱ्या वेळी तो घट्ट व्हावा म्हणून मी ३०० ग्रॅम कंपाउंड, १२० ग्रॅम क्रीम आणि ६० ग्रॅम बटर घेतले व बटर गरम मिश्रणातच घातले. ढवळता ढवळता मिश्रण दाणेदार झाले आणि रश्श्यावर तर्री यावी तसे कडेने तेल सुटले. ते सगळे मला टाकून द्यावे लागले.

तिसऱ्या वेळी पहिल्याच प्रमाणाच्या गनाशाचे गोळे करून ते मफिनच्या साच्यात पिठाच्या मध्यभागी ठेवले आणि भाजले. कापून पाहिले तर आत गनाश नव्हताच. एक पोकळी आणि तिच्या ओलसर भिंती तेवढ्या उरल्या होत्या.

साठवणीबाबतही माझ्या मनात गोंधळ आहे. काहीजण सांगतात की गनाश दोन-तीन दिवस बाहेर टिकतो, काहीजण फ्रिजशिवाय ठेवूच नका म्हणतात. आमच्याकडे पावसाळ्यात वीज अनेकदा तासन्‌तास जाते आणि हवेत दमटपणा तर असतोच. ६० नगांचा गनाश आदल्या आठवड्यात करून ठेवता येईल का, आणि ठेवला तर कुठे व किती दिवस, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितल्यास उपकार होतील.

प्रतिसाद (पुणे)

ताई, तुमच्या तीनही फसलेल्या प्रयोगांचे मूळ एकाच ठिकाणी आहे आणि ते म्हणजे क्रीममधले पाणी. मी पुण्यात बरीच वर्षे बेकरीच्या स्वयंपाकघरात काम केले असून, गनाश बिघडला म्हणून विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी चॉकलेट नव्हे तर क्रीमचे पाकीट दाखवायला सांगतो.

गनाश म्हणजे वितळलेले चॉकलेट पातळ केलेले नसते. क्रीममधल्या पाण्यात चॉकलेटची आणि दुधाची चरबी अतिशय बारीक थेंबांच्या रूपात पसरून राहते, आणि साखर व कोकोचे कण त्याच पाण्यात विरघळतात किंवा फुगतात. पाणी जास्त झाले तर गनाश सैल राहतो. चरबी पाण्याच्या मानाने फार झाली तर ते थेंब एकमेकांना चिकटतात आणि तेल सुटते. पहिल्या वेळी तुमच्याकडे पाणी जास्त होते आणि दुसऱ्या वेळी चरबी जास्त झाली.

आता हिशोब पाहू. २५ टक्के स्निग्धांशाच्या १०० ग्रॅम क्रीममध्ये २५ ग्रॅम चरबी, साधारण ७ ग्रॅम दुधातील इतर घनपदार्थ आणि सुमारे ६८ ग्रॅम पाणी असते. त्यात १०० ग्रॅम चॉकलेट घातले, तर तयार होणाऱ्या २०० ग्रॅम गनाशात ३४ टक्के पाणी येते. इंग्रजी कृतींमध्ये गृहीत धरलेले क्रीम मात्र बहुधा ३५ टक्क्यांचे असते. त्यात पाणी ५९ ग्रॅमच्या आसपास असते आणि समसमान प्रमाणात गनाशातील पाणी ३० टक्क्यांच्या आत राहते. म्हणजे परदेशी कृतीतला समसमान गनाश आपल्या २५ टक्क्यांच्या क्रीमने करायचा, तर १०० ग्रॅम क्रीमला १३० ग्रॅम चॉकलेट घ्यायला हवे. हा एक आकडा लक्षात ठेवलात तरी निम्मी अडचण सुटते.

दोन थरांमध्ये भरायच्या गनाशाला त्याहूनही थोडा अधिक घट्टपणा लागतो, कारण ब्राउनी कापताना आणि खोक्यात एकावर एक ठेवताना त्याच्यावर वजन येते. त्यासाठी मी १०० ग्रॅम क्रीमला १५० ग्रॅम डार्क चॉकलेट घेतो; पाणी २७ टक्क्यांवर येते आणि हवा तसा घट्ट, तरीही जिभेवर विरघळणारा थर मिळतो. पोटात ठेवून भाजायचा असेल तर १०० ला २०० घ्यावे, तेव्हा पाणी २३ टक्के उरते.

दुसऱ्या प्रयोगात तुम्ही नेमके काय केलेत तेही पाहा. ३०० ग्रॅम कंपाउंडमध्ये सुमारे १०० ग्रॅम चरबी, क्रीममध्ये ३० आणि बटरमध्ये जवळपास ५० ग्रॅम, म्हणजे एकूण १८० ग्रॅम चरबी झाली. पाणी मात्र सगळे मिळून ९० ग्रॅमच्या आसपास. चरबी पाण्याच्या दुप्पट झाल्यावर ते मिश्रण धरून राहणे फार कठीण असते. गनाश घट्ट करायचा म्हणून बटर वाढवणे ही अतिशय प्रचलित चूक आहे. घट्टपणा चॉकलेटने येतो. बटर चकाकीसाठी आणि तोंडात मऊ लागावे म्हणून, तेही एकूण वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत आणि मिश्रण ३५ ते ४० अंशांपर्यंत निवल्यावर घालावे.

आणि फाटलेला गनाश कृपया टाकून देऊ नका. तो पाहून कोणालाही त्यात चॉकलेट घालून सावरावेसे वाटते, पण त्याला हवे असते पाणी. पातेले कोमट पाण्यावर ठेवून मिश्रण ४० अंशांच्या आसपास आणावे, मधोमध एक मोठा चमचा कोमट दूध घालून तेवढाच भाग लहान वर्तुळात ढवळावा आणि तो चकचकीत दिसू लागला की वर्तुळ हळूहळू बाहेर वाढवावे. गरज वाटली तर दुसरा चमचा घालावा. हँड ब्लेंडर असेल तर त्याचे पाते पूर्ण बुडवून, हवा आत न घेता फिरवावे. काही सेकंदांत तेल परत आत जाते.

कृतीत आणखी दोनच ठिकाणी लक्ष द्यावे लागते. क्रीमला खळखळून उकळी आणू नये, कडेला बुडबुडे दिसू लागले की गॅस बंद करावा; लहान पातेल्यात थोडे क्रीम उकळत राहिले तर बरेच पाणी उडून जाते आणि मोजलेले प्रमाण मोडते. ते गरम क्रीम बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतून दोन मिनिटे हात न लावता थांबावे आणि मग मध्यापासून ढवळायला सुरुवात करावी. क्रीम कपाने मोजू नये, वजनकाट्यावरच घ्यावे.

तुमच्या ऑर्डरीपुरते सांगायचे तर २० सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यातून ५ सेंटिमीटरचे १६ नग निघतात, म्हणजे चार साचे लागतील. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या थराला एका साच्यामागे २४० ग्रॅमच्या आसपास गनाश लागतो. एकूण १ किलो धरा: ६०० ग्रॅम चॉकलेट आणि ४०० ग्रॅम क्रीम, म्हणजे २५० मिलीलिटरची दोन पाकिटे पुरतात. त्यात ६० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज (पाकासारखा घट्ट, चिकट ग्लुकोज) क्रीमबरोबरच गरम करून घातलेत तर फ्रिजमध्ये गनाश दगडासारखा होत नाही आणि पुढे रवाळही होत नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये आणि पुण्यात बोहरी आळीत ते सहज मिळते. चिपळूणला केकचे साहित्य ठेवणाऱ्या दुकानदाराला सांगून ठेवलेत तर तो मागवून देईल.

प्रतिसाद (जर्मनी)

वरच्या हिशोबाला पुष्टी देणारा माझा अनुभव सांगते. मी इथे आल्यावर आईची जुनी वही उघडून तिच्याच प्रमाणाने गनाश केला आणि तो अपेक्षेपेक्षा घट्ट झाला, कारण इथल्या श्लागझाने नावाच्या क्रीममध्ये किमान ३० टक्के स्निग्धांश असतो. अमेरिकेतील हेवी क्रीमला किमान ३६ टक्के आणि ब्रिटनमधील डबल क्रीमला किमान ४८ टक्के स्निग्धांशाचे बंधन आहे. त्यामुळे कृती वाचताना ती कोणत्या देशात लिहिली गेली, हे आधी पाहावे. ब्रिटिश कृतीतला डबल क्रीमचा गनाश समसमान प्रमाणातही घट्ट बसतो आणि तितक्याच सहज फाटतोही. तीच कृती आपल्या टेट्रापॅकच्या क्रीमने केली तर हाती सॉस येतो. यात कृती लिहिणाऱ्याची किंवा करणाऱ्याची चूक नसते, दोघांची क्रीमच वेगळी असतात.

प्रतिसाद (नागपूर)

प्रमाणाविषयी वर उत्तम लिहिले आहे, त्यात मला भर घालायची नाही. साठवणीबाबत माझा अनुभव असा की गनाश झाकून बाहेर ठेवला तरी दोन-तीन दिवस काही होत नाही. मी हिवाळ्यात नेहमी ओट्यावरच ठेवते आणि वास किंवा चव कधी बदललेली आढळली नाही. साखर आणि चॉकलेट दोन्ही टिकाऊ असल्यामुळे फार काळजी करण्याचे कारण नसावे.

प्रतिसाद (कोल्हापूर)

मी अन्नतंत्रज्ञान शिकलो आहे आणि सध्या त्याच क्षेत्रात काम करतो. नागपूरच्या ताईंच्या मताशी मला आदरपूर्वक असहमती नोंदवावीशी वाटते, कारण इथे प्रश्न ६० पाहुण्यांच्या पोटाचा आहे.

एखादा पदार्थ बाहेर टिकेल की नाही, हे त्यात एकूण पाणी किती यापेक्षा जंतूंना वापरता येईल असे मोकळे पाणी किती यावर ठरते. त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात आणि ती शून्य ते एक या मोजपट्टीवर सांगितली जाते. आपल्या हातांवर आणि नाकात सहज आढळणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सुमारे ०.८५ पर्यंत वाढू शकतो. समसमान किंवा दीडपट चॉकलेटचा, ग्लुकोज न घातलेला घरगुती गनाश सर्वसाधारणपणे या मर्यादेच्या वरच असतो. या जंतूचे विष एकदा तयार झाले की पुन्हा गरम केल्याने ते नष्ट होत नाही, आणि त्याने वास किंवा चव बदलेलच असेही नाही. म्हणून ‘वास आला नाही’ हा टिकल्याचा पुरावा धरता येत नाही.

युरोपातील चॉकलेट बनवणारे आपल्या ट्रफल्स, म्हणजे गनाशाच्या गोळ्या, बाहेर ठेवतात हे खरे आहे. परंतु त्यांची खोली १६ ते १८ अंशांची असते, गनाशात चॉकलेट आणि विविध शर्करा बऱ्याच अधिक असतात आणि वरून चॉकलेटचे बंद कवच असते. चिपळूणच्या ३० अंशांच्या आणि दमट स्वयंपाकघराला तो नियम लागू करता येणार नाही. तिथे गनाश थंड होऊन बसण्यापुरता बाहेर ठेवावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा.

फ्रिजचे तापमान ५ अंशांच्या खाली असेल, क्रीमचे पाकीट त्याच दिवशी फोडलेले असेल आणि भांडी कोरडी व स्वच्छ असतील, तर गनाश पाच ते सहा दिवस ठेवता येतो. विक्रीसाठी मात्र मी याहून कडक हिशोब धरतो: करून तीन दिवसांच्या आत तो ब्राउनीत जावा आणि ग्राहकाला पुढे दोन दिवसांची मुदत सांगावी. आठवडाभर आधीच करायचा असेल तर फ्रिजवर न विसंबता थेट फ्रीझर वापरावा. उणे १८ अंशांवर तो दोन महिने चांगला राहतो. एकाच मोठ्या डब्यात न ठेवता २५० ग्रॅमच्या चपट्या पिशव्या कराव्यात, म्हणजे लागेल तेवढाच निघतो आणि उरलेला पुन्हा पुन्हा गरम-थंड होत नाही. वापरण्याच्या आदल्या रात्री पिशवी फ्रीझरमधून फ्रिजमध्ये उतरवावी.

डब्यात ठेवताना क्लिंग फिल्म गनाशाच्या पृष्ठभागाला थेट चिकटवावी आणि वर घट्ट झाकण लावावे. फिल्म आणि गनाश यांच्यात हवा राहिली तर तिथे दव जमते, वरचा थर पाणावतो आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. शिवाय चॉकलेटमधली चरबी आजूबाजूचा वास फार लवकर धरते. कोकणातल्या फ्रिजमध्ये सुकी मासळी, वाटलेला लसूण किंवा कापलेला फणस असण्याची शक्यता असते, तेव्हा शक्य असल्यास गनाशाचा डबा वेगळ्या कप्प्यात, दुसऱ्या बंद डब्याच्या आत ठेवावा. आणि थंड डबा बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये. दमट हवेतले पाणी डब्याच्या बाहेरच्या बाजूला जमले तर पुसता येते, गनाशावर जमले तर त्यात मुरते.

विजेबाबत: दार न उघडता ठेवलेला फ्रिज साधारण चार तास पुरेसा थंड राहतो. त्याहून अधिक वेळ वीज गेली आणि आतले तापमान वर चढले, तर क्रीमचा पदार्थ विकू नये. गच्च भरलेला फ्रीझर बंद ठेवल्यास ४८ तासांपर्यंत आणि अर्धा भरलेला २४ तासांपर्यंत गोठवण धरून ठेवतो. त्यामुळे रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून गोठवून ठेवणे तुमच्या भागात फार उपयोगी पडेल. फ्रिजमध्ये ठेवायचा छोटा तापमापक स्वस्त असतो. तो अवश्य घ्या.

आणखी एक गोष्ट, जिचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. ब्राउनी आणि गनाश शेजारी शेजारी राहिले की पाणी गनाशातून ब्राउनीकडे सरकते, कारण ब्राउनीतील मोकळे पाणी कमी असते. दोन दिवसांनी ब्राउनीचा लागूनचा भाग ओला आणि गनाशाची कड कोरडी, भुसभुशीत होते. यावर उपाय सोपा आहे. ब्राउनी पूर्ण निवल्यावर तिच्या ज्या बाजूला गनाश लागणार आहे तिथे वितळलेल्या चॉकलेटचा अगदी पातळ हात ब्रशने फिरवावा आणि तो सुकल्यावरच गनाश पसरावा. गनाश कंपाउंडचा असेल तर हा हातही कंपाउंडचाच द्यावा. कंपाउंडमध्ये कोकोच्या बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते आणि त्या दोन चरबी एकत्र आल्या की नीट गोठत नाहीत, मऊ पडतात आणि त्यावर पांढुरकी झाक येते. याच कारणाने अर्धे कंपाउंड आणि अर्धे खरे चॉकलेट असा काटकसरीचा मेळ गनाशातही घालू नये.

प्रतिसाद (नागपूर)

सविस्तर लिहिल्याबद्दल आभारी आहे. विष वासावरून कळत नाही, हे मला माहीत नव्हते. माझ्याकडे लहान मुले आहेत. आजपासून डबा फ्रिजमध्येच जाईल.

प्रतिसाद (मडगाव)

ज्यांना दुधाचे चालत नाही अशा ग्राहकांसाठी आम्ही नारळाच्या घट्ट दुधाचा गनाश करतो, त्याबद्दल थोडेसे. घरी काढलेले ताजे दूध त्याच दिवशी आंबू लागते, म्हणून विक्रीच्या गनाशाला ते वापरू नये. पाकिटातले किंवा डब्यातले घ्यावे आणि त्यावरचा स्निग्धांश वाचून हिशोब करावा. नारळाची चरबी कोकोच्या बटरला मऊ करते. त्यामुळे क्रीमच्या दीडपट प्रमाणाऐवजी इथे दुप्पट चॉकलेट घेतल्याशिवाय थर उभा राहत नाही. चव मात्र सुरेख लागते, विशेषतः चिमूटभर मीठ घातल्यावर.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद (चिपळूण)

आपण सर्वांनी इतक्या तळमळीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री मी २०० ग्रॅम क्रीमला ३०० ग्रॅम चॉकलेट घेऊन छोटा प्रयोग केला. दोन तासांनी पाहिले तेव्हा तो मला पुन्हा सैल वाटला आणि धीर सुटला होता, पण सकाळी फ्रिजमधून काढल्यावर सुरीने स्वच्छ कापता आला आणि अर्धा तास बाहेर ठेवूनही ओघळला नाही.

आता दोन शंका उरल्या आहेत. पोटात ठेवून भाजायचा गनाश नेमका कसा ठेवावा? आणि घरी दुधावरची साय भरपूर निघते, ती क्रीमऐवजी वापरता येईल का?

प्रतिसाद (पुणे)

दोन तासांत गनाशाची पारख करू नये, हे मी लिहायचे राहून गेले होते. खऱ्या चॉकलेटमधले कोकोचे बटर सावकाश स्फटिक धरते आणि पूर्ण घट्टपणा यायला १२ ते २४ तास लागतात. कंपाउंड त्यामानाने लवकर बसते. घाईने फ्रीझरमध्ये टाकला तर वरचा थर कडक आणि आतला सैल राहतो. ओट्यावर तासभर आणि मग फ्रिजमध्ये रात्रभर, हा क्रम तुमच्या हवेत योग्य आहे.

सायीबाबत माझे उत्तर स्पष्टपणे ‘नको’ असे आहे. साय दर दिवशी वेगळी निघते, तिच्यातील चरबी आणि पाणी मोजता येत नाही, आणि आपण ती चार-पाच दिवस साठवतो तेव्हा तिला बारीक आंबूसपणा आलेला असतो. तो तुपासाठी उत्तम असतो, गनाशासाठी नाही. शिवाय सायीचे तुकडे कितीही फिरवले तरी जिभेला कळतात. सायीचे कढवून तूप करा आणि क्रीम पाकिटातलेच घ्या.

आता भाजण्याचे. तुमचे गोळे नाहीसे झाले, कारण ओव्हनच्या उष्णतेत त्यातील ३४ टक्के पाण्याची वाफ झाली. ती वाफ पिठात घुसताना चरबी आणि साखरही घेऊन गेली आणि मागे पोकळी राहिली. त्यावर दोन गोष्टी कराव्या लागतात: पाणी कमी असलेला, म्हणजे १०० ग्रॅम क्रीमला २०० ग्रॅम चॉकलेटचा गनाश घ्यावा आणि तो पूर्ण गोठवूनच पिठात ठेवावा. २० सेंटिमीटरच्या साच्यासाठी ८० ग्रॅम क्रीम आणि १६० ग्रॅम चॉकलेट पुरते. बटर पेपरवर त्याची १७ सेंटिमीटरची चौकोनी, सुमारे ७ मिलिमीटर जाडीची लादी पसरावी आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावी. साच्यात निम्मे पीठ ओतून ओलथण्याने सारखे करावे, त्यावर गोठलेली लादी ठेवावी आणि लगेच उरलेले पीठ वर ओतून साचा ओव्हनमध्ये टाकावा. चारही बाजूंना दीड सेंटिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर वितळलेला गनाश कडेच्या पत्र्याला लागून जळतो आणि नग साच्यातून निघत नाही.

१७० अंशांवर ३० ते ३५ मिनिटे लागतात, पण प्रत्येक ओटीजीची धग वेगळी असते. मधोमध काडी घालून पाहण्याचा इथे उपयोग नाही, ती गनाशाने माखूनच येणार; काडी कडेपासून दोन बोटे आत घालावी आणि वरचा पापुद्रा कोरडा झाला आहे का ते पाहावे. बाहेर काढल्यावर आतला गनाश पूर्ण द्रव असतो. त्या वेळी कापले तर सगळे वाहून जाईल. साच्यातच निवू द्यावे, मग फ्रिजमध्ये रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने, प्रत्येक कापानंतर ती पुन्हा पुसून, नग पाडावेत.

साखरपुड्यासाठी मात्र मी तुम्हाला भाजलेल्या गनाशापेक्षा दोन थरांची ब्राउनीच करा असे सुचवेन. ६० नगांत एकसारखेपणा हवा असतो आणि पोटातला गनाश दर साच्याला थोडा वेगळा बसतो. अंड्याशिवायची ब्राउनी असेल तर एक जाड ब्राउनी आडवी कापण्याच्या फंदात पडू नये, ती हमखास मोडते. तेच पीठ दोन साच्यांत पातळ पसरून १५ ते १८ मिनिटांत दोन चकत्या भाजाव्यात. खालच्या चकतीवर गनाश ३० ते ३२ अंशांवर, म्हणजे हाताला ना गरम ना गार लागेल इतका निवल्यावर ओतावा. त्याहून गरम असेल तर तो ब्राउनीत मुरतो, आणि फार गार झाला तर पसरताना चुरा वर येतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद (चिपळूण)

ऑर्डर काल पूर्ण झाली, म्हणून मुद्दाम लिहायला आले. १ किलो गनाश सात दिवस आधी करून चार चपट्या पिशव्यांत गोठवला. मधल्या काळात वीज एकदा पाच तास गेली, पण फ्रीझर पाण्याच्या बाटल्यांनी गच्च भरलेला होता आणि पिशव्या तशाच कडक राहिल्या. आदल्या रात्री त्या फ्रिजमध्ये उतरवल्या, सकाळी कोमट पाण्याच्या पातेल्यावर ठेवून ३२ अंशांवर आणल्या. एका पिशवीतला गनाश किंचित रवाळ दिसला. त्यात अर्धा चमचा कोमट दूध घालून ब्लेंडर फिरवला आणि तो इतरांसारखाच चकचकीत झाला.

चकत्यांना चॉकलेटचा पातळ हात दिला होता. मुद्दाम चार नग मागे ठेवून दुसऱ्या दिवशी कापले. गनाशाची कड कोरडी पडली नव्हती आणि ब्राउनीही ओली झालेली नव्हती. नग फ्रिजमधून थेट नेले आणि यजमानांना वाढण्याआधी वीस मिनिटे खोके बंद ठेवूनच बाहेर काढायला सांगितले. नवऱ्यामुलाच्या आजींनी दोन नग मागून घेतले, याचा मला फार आनंद झाला.

त्यांच्याकडूनच पुढच्या पंधरवड्यात व्हाइट चॉकलेटच्या भरणाची मागणी आली आहे. तिथेही दीडपटच घ्यायचे का?

प्रतिसाद (पुणे)

अभिनंदन, ताई. नाही, व्हाइटला दीडपट अजिबात पुरणार नाही. डार्कमध्ये घट्टपणाचा मोठा वाटा कोकोच्या कोरड्या भुकटीचा असतो, कारण ती पाणी धरून ठेवते. व्हाइटमध्ये ती मुळीच नसते. तुमच्या २५ टक्क्यांच्या क्रीमने १०० ग्रॅमला ३०० ग्रॅम व्हाइट चॉकलेट घ्या आणि ग्लुकोज घालू नका, ते आधीच गोड असते. क्रीम डार्कच्या वेळेपेक्षा कमी गरम करा, कारण व्हाइट चॉकलेट जास्त उष्णतेने लवकर गुठळ्या धरते. आधी १०० ग्रॅमचाच प्रयोग करा आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी कापून पाहा.